कुलूपकाकांचा शिंगाळा

आता जे सांगणार आहे ते कुणालाही पटणार नाही. पटूही नये. ज्याला ऐकल्याबरोबर पटेल, त्याने उद्यापासून घराच्या किल्ल्या बायकोकडे द्याव्यात. असा माणूस बाहेर मोकळा सोडण्याजोगा नसतो.

कुलूपकाकांनी सारी नोकरी एका गोदामात काढली. कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, चार पावलं पुढे जायचे, आणि कुलूप बेसावध असताना गाठावं तसे गर्रकन वळून पुन्हा ओढायचे. गाठीचंही तेच. काकांनी बांधलेलं पोतं सोडायचं झालं तर पोतंच कापावं लागे. घरी साखरेच्या डब्याला कुलूप, रद्दीला दोरी, आणि दोरीच्या बंडलाला आणखी एक दोरी. काकू म्हणायच्या, "माझं तोंड तेवढं मोकळं राहिलंय यांच्या तावडीतून."

गोदामात काही घडलं की चौकशी लागते, म्हणून काहीही न घडू देणं हेच काकांचं काम. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट उरली ती एकच: तरुणपणी भरती-ओहोटीच्या नदीत त्यांनी गळाने शिंगाळा धरला होता. शिंगाळा म्हणजे तळाच्या चिखलात लोळणारा, लांब मिशांचा, रुंद तोंडाचा मासा. चेहरा थेट बढती नाकारलेल्या साहेबासारखा. काकांच्या लग्नात हा मासा हातभर होता. मुलगी झाली तेव्हा दोन हात झाला. मुलीचं लग्न ठरेपर्यंत काकांचे हात पुरेनात, ते दाराच्या चौकटीकडे बोट दाखवू लागले. मेल्यानंतर इतका वाढलेला मासा दुसऱ्या कुठल्या पाण्यात सापडणार नाही. लेकीने मात्र लहानपणापासून प्रत्येक वाढ डोळे विस्फारून मान्य केली होती, आणि काकांना तेवढं पुरेसं होतं.

भानगड झाली ती लेकीच्या सासरी. व्याही चष्म्याच्या दुकानाचे मालक. दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी मासेमारीचा छंद लावून घेतला होता. छंद म्हणजे कपाटभर काठ्या, रिळं, खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि माशांवरची जाडजूड पुस्तकं. प्रत्यक्ष मासा मात्र त्या कपाटाच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नव्हता. "परवा अगदी थोडक्यात निसटला" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विहीणबाई बसडेपोत तिकीट तपासनीस होत्या. विनातिकीट माणूस त्या मानेवरून ओळखत. त्यांच्या घरात दोन थापाडे एका सोफ्यावर बसून चहा पितात, हे त्यांना किती दिवस चालणार?

एका रविवारी काकांचा मासा चौकट ओलांडून बाहेर निघाला, तेव्हा विहीणबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"व्याहीबुवा, मागच्या खेपेला तो या सोफ्याएवढा होता. आज दाराबाहेर गेला. पुढच्या खेपेला आम्ही जिन्यात बसून ऐकायचं का?"

"अगं, मासा वाढतो," व्याही मदतीला धावले.

"मेलेला?"

व्याह्यांनी बिस्किट तोंडात घातलं.

"हे बघा," विहीणबाई म्हणाल्या, "थंडीत शिंगाळ्यासाठी नदीवर घेऊन जाणारा एक माणूस आहे म्हणे. कप्तान म्हणतात त्याला. होडी त्याची, माहिती त्याची, तुम्ही फक्त गळ धरायचा. जा दोघं. गळाने धरलेला एक शिंगाळा माझ्या ओट्यावर आणून टाका. मग ही गोष्ट मी जन्मभर ऐकीन, मध्येमध्ये 'हूं'सुद्धा म्हणेन. नाही आणलात तर या घरात माशाचं नाव काढायचं नाही. दोघांनीही."

लेकीने बाबांकडे पाहिलं. आयुष्यात मिळून एक गोष्ट, आणि तिच्यावरही जप्ती यायची वेळ! पण लेक बघत होती.

"हात्तिच्या! एवढंच ना?" काका म्हणाले आणि चहाचा घोट चुकीच्या वाटेने गेल्यामुळे पुढचं काही बोलू शकले नाहीत.

संध्याकाळपर्यंत काकांच्या इमारतीत बातमी फुटली. सल्ला ही एकच वस्तू अशी आहे की ती मागितली नाही तरी घरपोच येते. खालच्या औषधवाल्याने खोकल्याची बाटली आधीच देऊन ठेवली. "नंतर खोकत जिना उतरण्यापेक्षा आत्ताच न्या," तो म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या सरांनी काकांना जिन्यात गाठून तास घेतला. मासा थंड रक्ताचा, थंडीत त्याची भूक मरते, "म्हणजे काका, ज्याला जेवायचंच नाही त्याला तुम्ही जेवायला बोलावून फसवणार आहात. तर्कदृष्ट्या कठीण आहे." तळमजल्यावरच्या वकीलबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "मृत्युपत्र केलंय का हो? नाही, सहज आपलं."

मग परवाना. नदीत गळ टाकायला परवाना लागतो हे काकांना शिंगाळा धरून इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "धंदा की हौस?"

"हौस."

"हौसेची खिडकी ती पलीकडची."

पलीकडच्या खिडकीवर जाऊन काका उभे राहिले. तोच कारकून खुर्ची सरकवत तिथे आला. "बोला."

"हौस," काका म्हणाले.

"कोणता मासा धरणार?"

"शिंगाळा."

"आणि दुसराच लागला तर?"

"तर... सोडून देऊ."

"त्याला सांगाल कसं, की परवाना तुझ्या नावाचा नाही म्हणून?" कारकून स्वतःच्या विनोदावर इतका हसला की शिक्का उलटा बसला. उलट्या शिक्क्याचा परवाना चालतो का, हे विचारायला काका पुन्हा रांगेत उभे राहिले. चालतो, पण त्याबद्दल विचारायची खिडकी वेगळी होती.

इथवर ठीक होतं. पण कप्तानाचा फोन आला. आवाज असा, की तोंडात लाऊडस्पीकर घेऊनच जन्मला असावा. "काका, थंडीतला शिंगाळा डोळ्यांनी जेवत नाही, नाकाने जेवतो. कोंबडीची कलेजी घ्या, लसूण ठेचून घाला, डबा बंद करून उन्हात ठेवा. वास स्वतःहून तुमच्याशी बोलायला लागला की समजायचं, तयार झालं."

काकांनी डबा गॅलरीत ठेवला. चोरीला जाऊ नये म्हणून त्याला कुलूप लावलं. हे कुलूप त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतलं सर्वांत निष्कारण कुलूप होतं. तिसऱ्या दिवशी वास बोलायला लागला, चौथ्या दिवशी ओरडायला. इमारतीचं एकमत झालं की ड्रेनेज तुंबलं आहे. प्लंबर आला. त्याने नाक वर करून दोनदा हवा हुंगली आणि पाइप खालपासून फुटल्याचं छातीठोकपणे सांगितलं. अंगण खणलं गेलं. चांगला धडधाकट पाइप उघडा पडला, तेव्हा फोडून बघितल्याशिवाय कळणार नाही म्हणून तो फोडला, आणि मग मात्र प्लंबरचं म्हणणं खरं ठरलं. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून खड्ड्याकाठी उभे होते. काकाही त्यांच्या शेजारी रुमाल लावून उभे राहिले आणि "काय हे हल्लीचे पाइप!" असं म्हणाले. गॅलरीतला डबा त्यांनी त्याच रात्री दोन पिशव्यांत गुंडाळून व्याह्यांकडे पोचवला. व्याह्यांच्या इमारतीचं अंगण कधी खणलं गेलं, ते आपल्या गोष्टीत येत नाही.

ठरलेल्या पहाटे काकूंनी काकांना कपडे घातले. बनियनवर बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर जावयाचा स्वेटर, त्यावर कोट. काकांचे हात अंगालगत येईनात. ते दोन्ही बाजूंना पसरून राहिले.

"बघा," काकू म्हणाल्या, "मासा मिळायच्या आधीच माप दाखवताय."

धक्क्यावर धुकं होतं. धुक्यातून आधी कप्तानाचा आवाज आला आणि बऱ्याच वेळाने कप्तान. पोट मोठं, टोपी त्याहून मोठी, आणि होडी दोन्हींच्या मानाने लहान. व्याही आपलं खिसेवालं जाकीट घालून, चार काठ्या पाठीला लावून आले होते. लांबून साळिंदरासारखे दिसत होते.

"भरती भरत आलीय," कप्तान म्हणाला. "जुन्या धक्क्याचा एक खांब उरलाय नदीत. त्याच्या बुडाशी खोल खड्डा. थंडीत सगळे शिंगाळे तिथे पडून असतात. खात नाहीत, विचार करतात. आपण त्यांच्या विचारांत व्यत्यय आणायचा."

त्याच्याजवळ पाण्याखालचा मासा दाखवणारं यंत्र होतं. ते सारखं पिप्-पिप् करत होतं. "मासा!" कप्तान ओरडला. व्याह्यांनी घाईघाईने गळ टाकला. यंत्राला दिसत होता तो होडीचाच नांगर. दुसऱ्या वेळी दिसला तो व्याह्यांचा गळ. तिसऱ्या वेळी काहीच दिसलं नाही, तेव्हा कप्तान म्हणाला, "आता आहे बघा खरा मासा, म्हणून लपलाय."

खांबापाशी होडी आली तेव्हा पाणी काठोकाठ होतं. कप्तानाने दोराचं टोक काकांच्या हाती दिलं. "बांधा, पण ढिला सो..." आणि इतक्यात त्याच्या बायकोचा फोन आला. फोनवर तो एकदम बारीक आवाजात बोलायला लागला, आणि वाक्य राहूनच गेलं.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने उभ्या हयातीत एक दोरी ढिली सोडली नाही, त्याने काय करावं? काकांनी दोर खेचला, आणखी खेचला, होडीचं नाक खांबाला चिकटवलं आणि गोदामाची ती सुप्रसिद्ध गाठ मारली. गाठ ओढून बघितली. दोन पावलं जायला होडीत जागा नव्हती, म्हणून जागच्या जागी वळून पुन्हा ओढून बघितली. समाधानाने खाली बसले.

गळ पाण्यात पडले. डबा उघडला गेला, आणि वरून चाललेला एक बगळा वाट बदलून गेला. मग काहीच झालं नाही. ऊन वर आलं, अंगातले स्वेटर तापले, कप्तान घोरायला लागला. व्याही म्हणाले, "बुवा, शांतता हाच खरा मासा." काकांना हे वाक्य समजलं नाही, पण झोप आली.

काकांना जाग आली ती थर्मास मांडीवरून घरंगळत गेल्यामुळे. त्यामागून डबा गेला. मग व्याह्यांची पुस्तकांची पिशवी. काकांनी डोळे मिटले. रक्तदाब वाढला की असंच फिरतं, डॉक्टर म्हणालेच होते. एवढ्यात व्याही स्वतः घरंगळत आले आणि काकांच्या पोटावर येऊन थांबले.

"बुवा, तुम्हालाही रक्तदाब?" काकांनी विचारलं.

ओहोटी लागली होती. पाणी उतरत होतं आणि पाण्याबरोबर होडीने खाली उतरावं अशी निसर्गाची अपेक्षा होती. पण होडीचं नाक काकांनी बांधलेलं. नाक वर राहिलं आणि ढुंगण तेवढं खाली चाललं. कप्तान जागा झाला तेव्हा होडी खांबाला टांगलेल्या कोटासारखी लोंबत होती आणि मागचा भाग पाण्यात बुडून तिथे छोटंसं तळं झालं होतं.

"कुणी बांधली?" कप्तान गरजला.

काका फळीला मिठी मारून म्हणाले, "का? सुटली का?"

"सुटत नाहीये हेच तर!"

"सुटायची नाही," काका अभिमानाने म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही वेळ अभिमानाची नव्हे.

कप्तानाने दोर कापायला चाकू काढला. चाकू बोटांतून निसटला, फळीवर आपटला आणि पाण्यात गेला. यंत्र म्हणालं, पिप्.

तिघं तीन फळ्यांना, जुन्या झाडावर वाघळं लटकावीत तसे लटकले. भरती परत येईपर्यंत वाट बघणं एवढंच हाती होतं. आणि अब्रूची वेळ आली की साक्षीदार कमी पडत नाहीत. पलीकडच्या काठाला माणसं नेणारी मोठी फेरीबोट नेमकी तेव्हाच आली. सगळे प्रवासी एका बाजूला जमले, तशी तीही थोडी कलली.

"काका," कुणीतरी ओरडलं, "होडी वाळत घातलीय का?"

"तपासणी चाललीय!" कप्तानाने टोपी सावरून उलट आवाज दिला. "बुडाची!"

"मग बूड वर करा की! नाक कशाला वर केलंय?"

फेरीबोट हसत हसत निघून गेली. तिच्या लाटेने होडीला हिसका बसला आणि काकांच्या हातून फळी सुटली. ते घसरत घसरत थेट मागच्या तळ्यात जाऊन बसले. कंबरभर पाणी, तेही थंडीतलं. बनियनवर बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर जावयाचा स्वेटर, सगळ्यांनी एकमताने पाणी पिऊन घेतलं. काकांना उठता येईना. शेजारी कलेजीचा डबा तरंगत होता. "माझ्याच्याने हे घरी सांगवणार नाही," काका पुटपुटले. "लेकीला काय सांगू? गोष्ट संपली म्हणून सांगू?"

तेवढ्यात त्यांच्या पायाला कुणीतरी हळूच कुरवाळलं.

"बुवा, राहू द्या हो," काका गहिवरून म्हणाले. "या वयात तुम्ही माझे पाय चेपायचे?"

"मी तर वर आहे," व्याह्यांचा आवाज आला.

काकांनी कप्तानाकडे पाहिलं. तोही वर. मग काका हलले नाहीत. पोटरीवरून दोन लांब मिशा फिरत होत्या. डब्याच्या त्या भयंकर वासामागे एक शिंगाळा विचार करायचं सोडून नदीतून उठला होता आणि बुडालेल्या कडेवरून, दार उघडं दिसलं म्हणून शिरावं तसा, सरळ होडीत शिरला होता.

"कप्तान," काका ओठ न हलवता म्हणाले, "मासा होडीत आलाय."

"थंडीत भास होतात, काका."

"भास माझं बोट चोखतोय."

भरती आली. पाणी चढत गेलं तशी होडी पुन्हा आडवी झाली, पण निम्मी पाण्याने भरलेली. कप्तान बादलीने पाणी उपसू लागला. पाणी कमी होत गेलं आणि त्यातून एक काळसर, गुळगुळीत पाठ वर येत गेली. येतच गेली. व्याही फळीवर उभे राहून किंचाळले. इतकी वर्षं पुस्तकांत पाहिलेला प्राणी पुस्तकाबाहेर इतका मोठा असतो, याची कुणी कल्पना दिली नव्हती.

"पाठीवरचा काटा सांभाळा!" कप्तान ओरडला. "लागला तर हात दुधीभोपळ्याएवढा होईल!"

आता एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मासा धरणं काकांना बापजन्मी माहीत नव्हतं. पण माल बांधायचा म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप चालतात. त्यांनी अंगावरचा ओला कोट काढला, माशावर टाकला, बाह्या खालून फिरवल्या, दोराचा तुकडा घेतला आणि पोत्याला मारतात ती गाठ मारली. शिंगाळ्याने दोनदा उसळी मारली, गाठीचा दर्जा ओळखला आणि नाद सोडला. काकांनी गाठ ओढून बघितली. मग वळून पुन्हा.

खांबावरची गाठ सुटेना, शेवटी कप्तानाने नांगराच्या टोकाने दोर घासून तोडला. धक्क्यावर उतरताना तो काकांच्या कानाशी आला. "हे बघा, खरं कुणाला सांगू नका. टांगलेल्या होडीत कोण बसेल माझ्या? मी रीतसर गळ दिला, तुम्ही रीतसर मासा ओढला."

भाड्याच्या गाडीत दोघे व्याही दोन कडांना बसले होते. मध्ये मासा होता.

"बुवा," व्याही म्हणाले, "ही म्हणाली होती, गळाने धरलेला."

"हो. आणि आपण होऊन आला म्हटलं तर पटेल कुणाला?"

"मी समोर होतो, मलाच पटत नाहीये."

"मग?"

"मग काय! तासभर झुंज. काठी वाकली. मी तुमची कंबर धरली."

"कंबर माझीच कशाला? मी तुमची धरीन की."

"गोष्ट तुमची आहे, बुवा. कंबरही तुमचीच हवी."

काकांना एकदम भरून आलं.

व्याह्यांच्या घरी पोचले तेव्हा लेक दारातच होती. कोटाचं ते गाठोडं, त्यातून बाहेर आलेल्या मिशा, आणि मागे चिखलाने माखलेले बाबा. "बाबा!" एवढंच ती म्हणाली; पण ते 'बाबा' असं होतं की काकांची थंडी उतरली. विहीणबाईंनी गाठोडं उचलून स्वयंपाकघरात नेलं. गाठ सुटेना. कात्रीने कोट कापल्याचा आवाज आला.

बाहेर काकांनी सुरुवात केली. आधी हळू. मग गळ खड्ड्यात उतरला, काठीला हिसका बसला, रीळ फिरू लागलं. व्याही तोंडाने रिळाचा घर्रर्र आवाज काढत होते. लेक सोफ्याच्या कडेवर आली. जावई हातातला फोन विसरला. शिंगाळा एकदा होडीखालून गेला, एकदा खांबाला वेढा घालून आला, एकदा काकांना पाण्यात ओढून नेता नेता राहिला.

"हूं," आतून विहीणबाईंचा आवाज आला.

काका थांबलेच. इतक्या वर्षांत कुणी 'हूं' म्हटलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला, हात सुटले. "गळ असा रुतला होता, असा रुतला होता, की म्हटलं, आता एक तर जबडा निघेल, नाहीतर माझा खांदा! तासभर! आणि शेवटी बुवा, तो दमला. मी नाही दमलो, तो दमला!"

आतला नळ बंद झाला. विहीणबाई टॉवेलला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी काकांकडे, म्हणजे नेमकं काकांच्या मानेकडे, पाहिलं.

"मासा आणलात, ते कबूल. पण व्याहीबुवा, मी त्याचं तोंड आत-बाहेर उघडून बघितलं. ओठ शाबूत, जबडा शाबूत, गळाचा एक ओरखडा नाही. हा गळाला लागलेला मासाच नव्हे. खरं काय ते सांगा. की आता म्हणाल, डब्याच्या वासाला भुलून आपण होऊन होडीत येऊन बसला?"